आठ निळे बॅरल

१६ फेब्रुवारी, रविवार. बावडा, कोल्हापूर

आठ बॅरल मिळाले. निळे, प्लॅस्टिकचे, झाकणासकट. एमआयडीसीच्या मागं भंगारवाल्याकडं ढीग पडलाय. तो म्हणाला, "पावणं, कुठलंबी उचला, सगळी एकाच आईची लेकरं हायत." पण मी निवडून घेतले. या आठांवर माशाचं चित्र आहे. कोनावर उभा केलेला लाल चौकोन, आत मासा आणि एक झाड. खाडीकाठच्या माणसांना द्यायचेत म्हटल्यावर मासळीचेच द्यावेत की. आयटीआय अर्ध्यात सोडलं म्हणून काय अक्कल सोडली नाही.

ताईचा फोन आलता परवा. तिकडं नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. "साठवायला कायतरी आण बाबा, वाडीत सगळ्यांनाच पायजेत." ताईनं घाटाखालचा नवरा स्वतः शोधला, तेव्हा आमच्या घरात वर्षभर तोंडं फुगलेली. आता तिला सातवा लागला म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं जाग्यावर आली. आईनं डिंकाचे लाडू बांधलेत. डबा विसरायचा नाही. (मागच्या वेळी विसरलो.)

मामा त्याचा छोटा हत्ती टेम्पो द्यायला तयार आहे. जाताना बॅरल, येताना मुळे. मुळे म्हणजे खाडीतल्या चिखलातले शिंपले. इकडं हॉटेलवाले हातातनं ओढून घेतात.

१८ फेब्रु., मंगळवार. ताईच्या वाडीत, सं. ५

निघायला उशीर. मलकापूरला स्टँडसमोर एकजण कबुतरं विकत होता. दीड तास तिथंच गेला. घेतलं काहीच नाही. एक पांढरं माझ्याकडंच बघत होतं, जोतिबाची शप्पथ.

आंबा घाट उतरायच्या आधी डाव्या हाताला ओढा आहे. बारमाही. सगळे गाडीवाले तिथं थांबतात. खालनं मासळी घेऊन येणारे खोकी धुतात, वरनं जाणारे काय काय धुतात. मीपण थांबलो. बॅरल नुसते द्यायचे म्हणजे बरं दिसत नाही, स्वच्छ करून द्यावेत. तळाला निळसर थर होता. मला वाटलं प्लॅस्टिकचाच रंग सुटतोय. वाळू टाकून, नारळाच्या काथ्यानं घासघासून आठही धुतले. पाणी निळंशार झालं. चांगलं दिसत होतं खरं म्हणजे.

मग एक गोष्ट झाली. ओढ्यात बोटाएवढे मासे असतात, काळे. ते वर आले. तोंड उघडझाप करत. एक खेकडा दगडावर चढला आणि तिथंच बसला, जवळ गेलो तरी पळाला नाही. मला जरा कसंतरीच वाटलं. पण ओढा मलकापूरच्या अंगाला वाहत होता. मनात म्हटलं, हे आपल्याच पंचगंगेला जाणार. आपल्या पंचगंगेला काय नवीन आहे? ती बिचारी सगळं पचवते.

असं म्हटलं मी. लिहून ठेवतोय.

हात अजून चुरचुरताहेत. ताई म्हणाली, काय रे, मिरच्या कांडून आलास का?

१९ फेब्रु., बुधवार

सात बॅरल वाडीत सात घरांत गेले, आठवा देवळाला. शिमग्याला पाणी भरायला लागतो म्हणे. ताईच्या घरचा पडवीत ठेवला. ताईची सासू, तिला मी मावशी म्हणतो, तिनं आत वाकून वास घेतला. "बरा हाय. पोरानं धुवून आनलान, नायतर आमच्या जावेचा भाऊस, बॅरल आनलान त्यात मेलेली पाल!"

सकाळी मावशीबरोबर खाडीत उतरलो. इथं सहा तास समुद्र नदीला मागं रेटतो, सहा तास नदी समुद्राला. पाणी ओसरलं की त्याला सुकती म्हणतात. सुकतीला गुडघाभर चिखल उघडा पडतो आणि वाडीतल्या बायका ओळीनं वाकतात. मावशी डोळ्यानं बघत नाही, पायाच्या अंगठ्यानं शोधते. अंगठा थांबला की हात खाली, मुळा वर. मला दोन तासांत एक सापडला, तोपण फुटका.

तिनं शिकवलं, उघडा दिसला तर आधी बोट लावायचं. जिवंत असला की मिटतो. नाही मिटला तर मेलेला, टाकायचा. एका मेलेल्यानं अख्खी टोपली नासते.

एक मोठा होता, थोडा उघडा. बोट लावलं तर असा खटकन मिटला, दचकलोच. ताई पायरीवर बसून हसत होती. पोटावर हात ठेवून हसते आता. डॉक्टरनी तिला मुळे खायला सांगितलेत, अंगात रक्त कमी आहे. आठवड्यातनं चार दिवस मुळ्यांचंच कालवण.

दोन पोती मुळे घेऊन परत. घाटात मुद्दाम थांबलो नाही.

२७ फेब्रु., गुरुवार. बावडा

ताईचा फोन, दुपारी. सहज बोलता बोलता म्हणाली, "अरे, मुळे मरायलेत. मावशी आदल्या दिवशी टोपात बॅरलातलं पाणी घेऊन, मीठ टाकून त्यात ठेवतात वाळू सोडायला, सकाळी सगळे तोंड वासून. चार वेळा झालं."

मी म्हटलं, उन्हानं असेल.

"पडवीत कुठलं आलंय ऊन?"

फोन ठेवला. उगाच गाडी धुवायला घेतली. मग ती अर्धी सोडून तालमीकडं गेलो, तिथनं नदीवर. काहीच डोक्यात बसंना. बॅरल धुतलेत मी. वाळूनं घासलेत.

हाताची सालं निघालीत तळव्याची. उन्हाळ्यामुळं असेल.

१ मार्च, शनिवार

अभ्याकडं गेलो. अभय म्हणजे बालवाडीपासनंचा दोस्त. आम्ही एकत्र नापास व्हायचं ठरवलेलं, तो शब्दाला जागला नाही. आता केमिस्ट्री शिकवतो. जैन घर, अंडं फुटलेलं दिसलं तरी त्याची आई फरशी दोनदा पुसते. त्याला मुळ्यांचं विचारायला जायचं म्हणजे. पण दुसरं कोण आहे?

मोबाईलमधे बॅरलचा फोटो होता. ताईनं टाकलेला, त्यात ती बॅरलला टेकून उभी. अभ्यानं तो मोठा करून बघितला. चित्रावर बोट ठेवलं.

"ह्यो मासा काय करतोय, संत्या?"

"पोहतोय की."

"उताणा पडलाय त्यो. मेलाय. शेजारचं झाड बघ, पान तरी हाय का एक? हे चित्र काढत्यात ते, आतला माल पाण्यात गेला तर पाण्यातलं मरतंय, हे सांगायला. तुझ्यासारख्या वाचता न येणाऱ्यांसाठीच काढलंय रे ते!"

लेबलचा फाटका तुकडा बघून म्हणाला तांब्याचं मीठ असणार, मुलामा द्यायच्या कारखान्यात लागतं. शिंपल्यातल्या जिवांना तांबं सोसत नाही.

मी म्हटलं, तांब्याच्या घागरीतलं पाणी तर आपण पितो की, आजोबा सकाळी उठून तेच प्यायचे, औषधी असतंय.

"भाजीत चिमूटभर मीठ टाकतोस. पोतं ओतलं तर खाशील?"

मग मी ओढ्याचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातनं. पुढं असंही म्हटलं की ते एक बरं झालं, ते पाणी तरी आपल्याकडं आलं, खाली गेलं नाही.

अभ्या उठला. मला परड्यात नेलं, म्हशीच्या छपराखाली. तांब्या भरला, शिडी लावली आणि छपराच्या आढ्यावर पाणी ओतलं. अर्धं पाणी उसाकडं गेलं, अर्धं माझ्या डोक्यावर.

"घाटमाथा म्हणजे हे आढं. या अंगाचं पंचगंगेला, कृष्णेला, पार तिकडं आंध्राला जातंय. त्या अंगाचं खाली कोकणात. तुझा ओढा कुठल्या अंगाला हाय?"

"मलकापूरच्या."

"किती लांब बघितलास?"

दहा-बारा पावलं. रस्त्याखालच्या मोरीपर्यंत. पुढं झाडी होती.

त्यानं मोबाईलवर नकाशा काढला. मोरीखालनं ओढा वळतो. वळून थेट कड्यावरनं खाली उडी. तिथनं नदी, ताईच्या वाडीवरनं जाणारी.

कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला वाटतंच की सगळं पाणी उगवतीलाच जातं. शाळेत नदीचा धडा होता, पण मी त्या दिवशी...

अंगावरचं पाणी वाळलं तरी थंडी वाजत होती.

३ मार्च, सोमवार

ओढ्यावर जाऊन आलो. एकटा, मोटारसायकलवर. कबुतरवाला दिसला, थांबलो नाही.

मासे नाहीत. एकपण नाही. खेकड्याचं नुसतं कवच, त्याच दगडावर, पांढरं पडलेलं. मी जिथं घासत बसलो होतो तिथल्या दगडांना निळसर कडा आहे. नखानं खरवडली.

तेवढ्यात एक टँकर आला. ड्रायव्हर उतरला, मागचा कॉक सोडला. पिवळट काहीतरी, वास नाकात बसला. मी म्हटलं, काय हाय हो ह्यात?

"काय म्हाईत न्हाय. रिकामा करून, धुऊन आण म्हणत्यात, मी आणतो."

"पाणी खाली खाडीला जातंय हे."

"कोण म्हणतंय? ही बघा की, तिकडं चाललीय धार, मलकापूरला." त्यानंपण मोरीपर्यंतच हात दाखवला. मग हसला. "पावणं, तुमी काय सायबबियब हाय का?"

मी कुठला साहेब.

त्याचा नंबर टिपून घ्यायला पाहिजे होता. सुचलं नाही. त्याच्या मागं अजून एक मासळीची गाडी, आणि मग एकजण औषधाचा पंप धुवायला आला उसाच्या फवारणीचा. तासाभरात तीन. आणि मीपण कोण, चौथाच की.

परत येताना एक विचार आला आणि मला बरं वाटलं. तीन जण आहेत, म्हणजे एकटा मी नाही. मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

६ मार्च, गुरुवार

ताईला फोन लावला, सांगायचंच म्हणून. तिनंच सुरू केलं. आता चिखलातलेपण मरायलेत. मावशी काल गेली तर वाकायलाच नको, सगळीकडं तोंड वासलेले. पोरांनी बोयटं, म्हणजे खाडीतले मासे बघितले, तेपण कडेला येऊन पडलेले. वाडीत कुणी म्हणतंय वरच्या अंगाला वाळू उपसतात त्यानं. कुणी कोळंबीच्या तळ्यांना बोल लावतंय. एक म्हातारा म्हणे देवाचं काहीतरी चुकलंय, शिमगा जवळ आलाय.

"तू मुळे खाऊ नको," म्हटलं.

"का रे?"

"वास येतोय म्हणं त्यांना यंदा. इकडं हॉटेलात चर्चा हाय."

"आणि पाणी?"

"पाण्याचं काय?"

"बॅरलातलं पाणी जरा तुरट लागतंय. मावशी म्हणत्यात नळाचंच तसं येतंय."

मी म्हटलं, हंड्यातलं पीत जा, बॅरल वापरायचं धुण्याला.

"संत्या, काय झालंय?"

काय नाही म्हणालो आणि ठेवला. सोळा दिवस ती ते पाणी पितेय. बोटं मोडून मोजले.

अभ्याला सांगितलं तर त्यानं मला एक शिवी दिली. जैनाच्या तोंडातनं पहिल्यांदा ऐकली. मग म्हणाला, "आठ बॅरलच्या धुण्यानं एवढी खाडी मरत नसती. पण घरातला बॅरल? तिथं दुसऱ्या कुणाचा हात न्हाय. तिथं तूच."

१३ मार्च, गुरुवार. वाडी

आलो. अभ्या बरोबर. त्याची कॉलेजची प्रॅक्टिकल होती म्हणून इतके दिवस, असं मी मलाच सांगतोय. खरं म्हणजे मीच रोज उद्या म्हणत होतो.

फोनवर मात्र परवाच सांगून टाकलं, दाजींना. ताईला नाही. दाजी म्हणजे ताईचा नवरा, बोलणं कमी. ते फक्त म्हणाले, "ये." तेव्हापासनं घरी विहिरीचं पाणी.

पडवीत सगळे बसलेले. मी उभाच. माशाचं चित्र, थर, ओढा, सगळं एका दमात सांगितलं. ताई भिंतीकडं बघत होती. मग पोटावर दोन्ही हात ठेवले, असे झाकल्यासारखे.

"किती दिवस म्हाईत हाय तुला?"

"एक तारखेपास्नं."

"आज तेरा हाय."

एवढंच. उठून आत गेली. कडी लावली नाही, पण दार लोटलं.

मावशीनं माझ्याकडं पाठ केली. अभ्याला म्हणाली, "तू तरी च्या घे पोरा." अभ्या तिच्याबरोबर खाडीत गेला. पँट वर करून, तोंडाला रुमाल. पाणी आणि चिखल बाटल्यांत भरून घेतला. चिखलात मेलेल्या मुळ्यांवरनं चालताना प्रत्येक पावलाला "अरेरे" करत होता. मावशी म्हणाली, "ह्यो कोन रे? मासं खानारी आमी, आनि रडतोय ह्यो."

मी आणि दाजी घरोघरी. सहा बॅरल गोळा झाले, पडवीतला सातवा. दाजींनी प्रत्येकाच्या तळाला सुरीनं भोकं पाडली, परत कुणी वापरू नये म्हणून. लोक वाईट बोलले. एक म्हातारी म्हणाली, फुकाट काय मिळत न्हाय ते खरा.

आठवा देवळात, खोलीला कुलूप. किल्ली गावकराकडं, म्हणजे देवळाच्या मानकऱ्याकडं, आणि तो होळीचं झाड आणायला रानात गेलेला. परत आल्यावर देतो म्हणाले. मी देवळातच थांबतो म्हटलं. थांबलो. मग होळीचं झाड आलं. शंभर माणसं खांद्यावर घेऊन नाचवत आणतात, ढोल असा की छातीत वाजतो. मी बघत बघत त्यांच्यामागनं गेलो.

१४ मार्च, शुक्रवार

हे लिहायचं नव्हतं.

काल किल्ली मागायचीच राहिली. ढोलाच्या नादात. सकाळी डोळा उघडला तो नवाला. पळत देवळात, खोली उघडी, बॅरल नाही. पालखी सहाणेवर, म्हणजे जिथं ती टेकवतात त्या चौथऱ्यावर, आणि मांडवात माझा बॅरल. कोकमाचं सरबत भरलेलं, भरणाऱ्यांना कुणी बॅरलचं सांगितलंच नव्हतं. मुंबईहून आलेली पोरंबाळं, म्हाताऱ्या, ग्लास घेऊन रांग. अर्ध्याच्या वर संपलेला.

मी काय बोललो आठवत नाही. ओरडलो असेन, पण ढोलात कोण ऐकतंय. मग बॅरलला मिठी मारली आणि आडवा केला. लाल पाणी सहाणेपर्यंत गेलं, पालखीच्या खुराला लागलं.

ढोल थांबला.

 लाटांचा आवाज ऐकू आला, त्याआधी दोन दिवसांत एकदाही आला नव्हता.

दाजींनी मारली. सगळ्यांदेखत, कानाखाली. मग तेच चौथऱ्यावर चढले आणि सांगितलं. माझ्या मेव्हण्यानं असं केलंय, बॅरलमधे विष होतं. मुळे का मेले ते अजून माहीत नाही, पण हे सरबत कुणी पिऊ नका, पिलं असेल त्यांनी सांगा.

गावकर पुढं आला. मला वाटलं आता दुसरी बसणार. त्यानं विचारलं, "तू पिलास काय?"

नाही म्हटलं.

"मग बोलायचास तरी लवकर."

दुपारपर्यंत दोन पोरांना उलट्या झाल्या. ऊन होतं, जेवणं जड होती, सरबतपण होतं. कशानं ते कोण सांगणार? डॉक्टरनी तपासलं, संध्याकाळी खेळायला लागली. मी त्यांच्या अंगणासमोरनं चार वेळा गेलो. त्यांची आई दार लावून घ्यायची.

१९ मार्च, बुधवार. बावडा

आज इथं रंगपंचमी. बाहेर पडलो नाही. दरवाजावर कुणीतरी निळा फुगा फोडला.

ताईला दाजी दवाखान्यात घेऊन गेले. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले आत्ता तरी सगळं ठीक दिसतंय. "आत्ता तरी" हे दोन शब्द आईनं मला तीनदा सांगितले. ताई माझ्याशी बोलत नाही. आईशी बोलते, मी शेजारी आहे कळलं की ठेवते.

अभ्याचं. बॅरलमधल्या पाण्यात तांबं निघालं, भरपूर. ओढ्याच्या दगडांवर निघालं. खाडीच्या पाण्यात निघालं न निघाल्यासारखं. चिखल त्याच्या ओळखीच्या सरांनी मोठ्या लॅबला पाठवलाय. कधी येईल माहीत नाही. "पाणी वाहून जातंय, चिखल धरून ठेवतोय," म्हणाला. "आणि त्यातबी एकाचं तांबं, दुसऱ्याचं औषध, तिसऱ्याचं ते पिवळं. कुणाकुणाचं नाव लिहिणार?"

मी म्हटलं, माझं तरी निघंल का?

"मनातनं काय पायजे तुला, निघावं का न निघावं?"



२३ मार्च, रविवार

ओढ्यावर पाटी लावली. घरातला जुना पत्रा, गणपतीच्या डेकोरेशनमधला उरलेला लाल रंग. लिहिलं:

हे पाणी मलकापूरला जात नाही. मोरीखालून वळून खाली खाडीत जाते. तिथं माणसं राहतात. इथं काही धुवू नये.

खाली उताणा मासा काढला. माझा मासा हसल्यासारखा दिसतो, परत काढला, परत तसाच.

दिवसभर बसलो. अकरा गाड्या थांबल्या. दोन पाटी वाचून निघून गेल्या. एकानं वाचून धुतलंच, म्हणाला, "नुसती माती हाय वो." एकजण मोरीच्या पलीकडं खरंच बघायला गेला, झाडीत शिरून. परत आल्यावर बराच वेळ बिडी ओढत बसला. म्हणाला, "मी अठरा वर्षं हितं धुतोय."

टँकर आला नाही. का लांबनं मला बघून पुढं गेला?

उद्या पाटी असेल की नाही.

२९ मार्च, शनिवार. वाडी

अमावास्या. मावशीनं परवा दाजींकरवी निरोप धाडलेला, मोठी सुकती आहे, खाडी लांबपर्यंत उघडी पडेल, तो चिखलातला पोरगा येतो काय बघ. अभ्या आला नाही, पेपर तपासतोय. मी आलो. निरोप माझ्यासाठी नव्हता, तरी आलो.

सकाळी सहाला उतरलो. महिन्यात सगळं बदललंय. बायकांची ओळ नाही, मावशी एकटी. बगळे नाहीत, पूर्वी चिखलावर ठिपके ठिपके असायचे. वास आहे. कवचं पायाखाली कचकचतात, वाटीएवढी, चमच्याएवढी, नखाएवढी. नखाएवढी बघवत नाहीत.

मावशी पुढं, अंगठ्यानं चाचपत. बोलली, मला का चिखलाला कळलं नाही. "माझी सासू ह्याच खाडीत, तिची सासूबी. दुष्काळात लोकांनी पाला खाल्ला, आमी मुळं खाल्लं. खाडीनं उपाशी ठेवलान नाय कदी." मग, "अंगठ्याला कायच लागत नाय रे पोरा. मेलेला बी लागतो आनि जित्ता बी लागतो, पन जित्त्याचा लागना येगळा."

पार पाण्याच्या कडेपर्यंत गेलो. तिथं ती थांबली. तोंडातल्या तोंडात काही म्हणाली, हात खाली घातला. तीन निघाले. दोन वासलेले, आत चिखल भरलेला. तिसरा मोठा, जड. फट होती, पण थोडीच.

तिनं तो माझ्या हातावर ठेवला. "बोट लाव."

घराच्या पायरीवर ताई उभी होती. आठवा सरत आलाय तिचा, कमरेवर हात देऊन उभी. इतक्या लांबनं तोंड दिसत नव्हतं, फक्त हिरवी साडी. सव्वीस तारखेला चिखलाचा रिपोर्ट येणार होता, आला नाही. पुढच्या आठवड्यात म्हणतात. तिच्या पुढच्या तपासणीचीपण तीच तारीख.

बोट लावलं.

हलला. मिटला म्हणायचं की माझाच हात थरथरला? पाणी ओघळलं फटीतनं, तेवढं नक्की. मावशीनं वाकून बघितलं. "परत लाव."

तेवढ्यात ताईची हाक आली. सोळा दिवसांत पहिल्यांदा माझ्या नावानं. सगळ्या खाडीभर.

"संत्याऽऽ, मिटला का रे?"

मुळा तळहातावर होता. मी बोट पुढं नेलं आणि तसंच धरून ठेवलं, वर, अंतरावर. मागं भरतीचं पाणी वळलेलं, घोट्याला गार लागत होतं. ती परत ओरडली. मी अजून दुसऱ्यांदा बोट टेकवलं नव्हतं.